आकाशांतील चाकरी आणि वाटेच्या टोकाचें गांव

इतिहास लिहिणारे बहुधा धन्याच्या ओसरीवर बसून लिहितात. आपल्या देशांतील नागरी विमानवाहतुकीचा इतिहासहि त्यास अपवाद नाहीं. कोणत्या सालीं कोणती कंपनी निघाली, कोणीं किती विमानें विकत घेतलीं, सरकारनें तीं केव्हां ताब्यांत घेतलीं आणि केव्हां पुन्हां विकलीं, ही हकीकत मुबलक मिळते. परंतु जो मनुष्य पहांटे तीन वाजतां उठून त्या विमानाच्या अग्रभागीं जाऊन बसतो, त्याचें गाऱ्हाणें संप झाला म्हणजे चार दिवस वर्तमानपत्रांत येतें आणि संप मिटला म्हणजे विसरलें जातें. ज्या गांवीं विमानाची वाट संपते, त्या गांवाविषयीं तर त्याहूनहि कमी लिहिलें गेलें आहे. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचें छत्रपति संभाजीनगर, हें असें एक गांव आहे. वैमानिक आणि व्यवस्थापक यांच्यामधील कलह वरवर पगाराचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं वेळ कोणाची, ठाणें कोठें आणि शब्द कोणाचा चालावयाचा, हे तीन प्रश्न सदैव राहिले आहेत. त्या कलहाची किंमत प्रत्येक खेपेस अशा गांवांनीं मोजली आहे. हें कसें घडत आलें तें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

औरंगाबादेस विमानाची गरज कां पडली, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास सारें जग येऊं इच्छितें. परंतु वाट आडवळणाची. निजामाच्या राज्यांतील हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडास येऊन मिळाली, ती मीटर गेज रुळांची. मुंबईहून येणाऱ्यानें मनमाडास उतरून गाडी बदलावी, ही रीत पुढें कित्येक दशकें चालली. म्हणून इंडियन एअरलाईन्सनें दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई अशी जी प्रवाशांसाठीं माळ गुंफली, तींत हें शहर ओवलें गेलें. मात्र मणी आणि दोरा यांत अंतर असतें. विमान चिकलठाण्यास उतरे, थोडा वेळ थांबे आणि उडून जाई. त्याचे वैमानिक मुंबईचे किंवा दिल्लीचे असत. त्यांचें बिऱ्हाड येथें नसे, त्यांचीं मुलें येथील शाळेंत नसत, आणि त्यांच्या सुखदुःखाची वार्ता गांवास कळण्याचें कांहीं साधन नसे. विमान आलें नाहीं म्हणजे तेवढें कळे.

आरंभीं हा कलह नव्हता, कारण धनी आणि चाकर एकाच आसनावर बसत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें, तें स्वतः विमान हांकून. आणि तेथून बेल्लारीमार्गें मद्रासेस तें नेलें त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं. जुहूचें मैदान म्हणजे समुद्रकांठची चिखलवट. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई, आणि मग सारें बिऱ्हाड बांधून पुण्यास मुक्काम हलवावा लागे. ठाणें हलविणें हें पुढें वैमानिकांच्या रोषाचें एक मोठें कारण झालें. तें त्या काळींहि दरवर्षीं घडत होतें. परंतु तेव्हां ठाणें पाऊस हलवीत असे आणि त्याची झळ लहानथोर सर्वांस लागे. पावसावर कोण रुसणार? पुढें ठाणें कागदावर हलूं लागलें, आणि कागदावर सही करणारा जागचा हलेनासा झाला, तेव्हां रोषास तोंड फुटलें.

औरंगाबाद ज्या संस्थानांत होतें, त्या हैदराबाद संस्थानानें १९४५ मध्यें टाटांच्या सहकार्यानें डेक्कन एअरवेज ही कंपनी उभारली. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या कायद्यानें डेक्कनसह देशांतील आठ कंपन्यांची अंतर्गत वाहतूक एकवटून इंडियन एअरलाईन्स कॉर्पोरेशन स्थापन झालें. आठ घरचीं माणसें एका पंक्तीस बसवावयाचीं, म्हणजे पहिला पाट कोणाचा हा प्रश्न आलाच. वैमानिकांच्या धंद्यांत या पाटास, म्हणजे ज्येष्ठतेस, इतर धंद्यांपेक्षां फार महत्त्व आहे. कोणास कोणतें विमान मिळावें, सहवैमानिकाचा कप्तान केव्हां व्हावा, सुटी दिवाळीस मिळावी कीं आषाढांत, या साऱ्यांचा निकाल पुष्कळ अंशीं तिच्यावर लागतो. वैद्य एक गांव सोडून दुसऱ्या गांवीं गेला तरी त्याची कीर्ति त्याच्याबरोबर जाते; वैमानिक एक कंपनी सोडून दुसरींत गेला तर त्यास बहुधा पंगतीच्या शेवटीं बसावें लागतें. शिवाय प्रत्येक जातीच्या विमानासाठीं वेगळें शिक्षण व परवान्यावर वेगळी नोंद लागते. म्हणून कंपनी बुडाली कीं त्याचें वेतन तर जातेंच. त्याशिवाय त्यानें पंधरा वर्षांत चढलेल्या पायऱ्याहि जातात.

दुसरा प्रश्न वेळेचा. चाक हललें कीं वैमानिकाचा उड्डाणाचा तास सुरू होतो. त्याचा दिवस मात्र त्याच्या किती तरी आधीं सुरू झालेला असतो. घरून निघावें, तासभर आधीं हजर व्हावें, हवामानाचे व इंधनाचे कागद पाहावे, उशीर झाल्यास वाट पाहात बसावें; यांतील पुष्कळसा काळ उड्डाणाच्या तासांत धरला जात नाहीं, आणि बहुतेक कंपन्यांत वेतनाचा मोठा भाग त्या तासांवरच ठरतो. मुंबईहून लंडनास जाणारा वैमानिक एकदां उडतो व एकदां उतरतो. लहान गांवांस जोडणाऱ्या सत्तरएक आसनांच्या विमानाचा वैमानिक एका पाळींत चार-पांच वेळां उडतो आणि तितक्याच वेळां उतरतो; आणि या धंद्यांतील खरे कष्ट व खरा धोका उडण्या-उतरण्यांतच आहे. म्हणजे ज्याचे श्रम अधिक त्याचे तास कमी, आणि ज्याचे तास कमी त्याचें वेतनहि कमी. प्रादेशिक वैमानिकाच्या खंतीचें मूळ येथें आहे.

व्यवस्थापकांची बाजू लंगडी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. विमान जमिनीवर उभें राहिलें कीं भाडें खातें. इंधन महाग, त्यावर राज्यांचे कर, आणि प्रवाशास तिकिट तर रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या आसपास हवें असतें. अशा स्थितींत प्रत्येक विमानाकडून व प्रत्येक वैमानिकाकडून नियमांत बसेल तेवढें काम घेणें, हें वेळापत्रक आंखणाऱ्याचें कर्तव्यच होऊन बसतें. धनी स्वतः वैमानिक असला म्हणजे हा पेंच सुटतो असेंहि नाहीं. १९७३ च्या अखेरीस इंडियन एअरलाईन्समध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां संस्थेचे सूत्रधार होते एअर चीफ मार्शल पी. सी. लाल, १९७१ च्या युद्धांत भारतीय वायुदलाचें नेतृत्व करणारे. ज्यानें उभा जन्म विमानांत घालविला त्याच्याहि कारकीर्दींत काम व कामगार यांचा तंटा टाळेबंदीपर्यंत गेला, यावरून दोष व्यक्तीच्या स्वभावापेक्षां व्यवस्थेच्या रचनेंत अधिक आहे, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

या रचनेची कसोटी १९९२-९३ च्या हिंवाळ्यांत लागली. डिसेंबरांत इंडियन एअरलाईन्सच्या वैमानिकांनीं संप केला व तो जानेवारींतहि चालला. सरकारनें परदेशांतून विमानें व वैमानिक भाड्यानें आणले. ९ जानेवारी १९९३ रोजीं त्यांपैकीं उझबेकिस्तानचें एक तुपोलेव्ह विमान दिल्लीस उतरतांना उलटून जळालें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. तेव्हांचे विमानवाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनीं नैतिक जबाबदारी पत्करून राजीनामा दिला. या साऱ्या इतिहासांत वरच्या माणसानें खालच्या घटनेची जबाबदारी अशी आपण होऊन घेतल्याचीं उदाहरणें विरळा. म्हणून ती गोष्ट येथें मुद्दाम नोंदविली आहे.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनीं औरंगाबादेवर घाला आला. संपाचा आणि त्या अपघाताचा संबंध जोडण्यास आधार नाहीं, व आम्ही तो जोडीत नाहीं. २६ एप्रिल १९९३ रोजीं इंडियन एअरलाईन्सचें ४९१ क्रमांकाचें बोइंग ७३७ विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर करून चिकलठाण्यास आलें आणि दुपारीं मुंबईकडे निघालें. आंत ११८ माणसें होतीं. धांवपट्टीच्या टोकापासून सुमारें ४१० फुटांवर बीडचा रस्ता आडवा जात होता, आणि त्या क्षणीं त्या रस्त्यावरून रुईच्या दाबलेल्या गासड्यांनीं भरलेली एक मालमोटार चालली होती. विमान उचललें, परंतु पुरेसें उचललें नाहीं. त्याचें डावें चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग गासड्यांवर आदळला. पुढें सुमारें तीन किलोमीटरांवर विमान विजेच्या तारांस लागून कोसळलें. ५५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. कप्तान व सहवैमानिक वांचले.

चौकशींत दोन कारणें नोंदलीं गेलीं. पहिलें हें कीं, वैमानिकांनीं विमानाचें नाक उशिरां आणि चुकीच्या रीतीनें उचललें. दुसरें हें कीं, उड्डाणाच्या वेळीं बीड रस्त्यावरील रहदारी नियंत्रित करण्यांत राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण चुकलें. या दोन वाक्यांवर आम्हांस वाचकांचें लक्ष क्षणभर खिळवावयाचें आहे. रेल्वेच्या फाटकाशीं बैलगाडीहि थांबते, कारण तेथें फाटक लावणारा मनुष्य नेमलेला असतो. येथें विमान दिवसांतून मोजक्या वेळां उडत असे. तेवढी कांहीं मिनिटें रस्ता अडविणें ही काय मोठी गोष्ट? पण ती कोणाची जबाबदारी हें कागदावर असलें तरी रस्त्यावर नव्हतें. वैमानिकाची चूक चौकशीनें सांगितली, ती सांगितलीच पाहिजे. परंतु त्याच्या चुकीस प्राणघातक करणारी मालमोटार त्याच्या वेळापत्रकांत नव्हती. चूक करणारा वैमानिक त्याच विमानांत बसलेला असतो. चूक करणारी कचेरी त्यांत बसलेली नसते. वैमानिक जेव्हां व्यवस्थेंत आपलाहि शब्द असावा असें म्हणतात, तेव्हां त्यांच्या म्हणण्यांतील स्वार्थाचा अंश वजा करून उरतें तें हें सत्य आहे.

लहान गांवांसाठीं सरकारनें वेगळी सोय केली नव्हती असें नाहीं. १९८१ मध्यें एअर इंडिया व इंडियन एअरलाईन्स यांनीं मिळून वायुदूत ही संस्था काढली. प्रथम ईशान्य भारतासाठीं, आणि मग जेथें मोठें विमान परवडत नाहीं अशा इतर गांवांसाठीं. मार्ग भराभर वाढले. पैसा व विमानें त्या मानानें वाढलीं नाहींत. २३ सप्टेंबर १९८९ रोजीं पुण्याहून हैदराबादेस जाणारें तिचें लहानसें डॉर्नियर विमान उजनीच्या जलाशयांत कोसळलें व आंतील अकराहि माणसें गेलीं. १९९३ मध्यें वायुदूत इंडियन एअरलाईन्समध्यें विलीन करण्यांत आली. विलीनीकरण हा शब्द कागदावर गोड दिसतो. १९५३ मध्यें पंगतीचा जो प्रश्न आला होता तोच येथें आला, आणि २००७ मध्यें एअर इंडिया व इंडियन एअरलाईन्स यांची गांठ मारली गेली तेव्हां तो फारच उग्र झाला. देशांतल्या देशांत उडणारे आणि सातासमुद्रांपलीकडे उडणारे एका संस्थेचे झाले, पण त्यांच्या ताटांत वाढलेलें सारखें नव्हतें. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वींच्या इंडियन एअरलाईन्सच्या वैमानिकांनीं समान वेतनासाठीं दहा दिवस संप केला. सरकारनें त्यांच्या संघाची मान्यता काढून घेतली. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनीं, नव्या ड्रीमलायनर विमानाचें शिक्षण इतरांस कां, या वादावरून ५८ दिवस काम बंद ठेवलें. मधल्या काळांत न्यायमूर्ति धर्माधिकारी यांच्या समितीनें दोन्ही घरांच्या वेतनश्रेणींचा व ज्येष्ठतेचा मेळ घालण्याचा मार्ग सुचविला. पांच वर्षें आधीं करावयाचें काम पांच वर्षांनीं हातीं घेतलें, म्हणजे तें न्यायाधीशासहि जड जातें.

खासगी कंपन्यांत हा विषय निराळा असेल अशी आशा पुष्कळांस होती. १९९३ मध्यें उडूं लागलेल्या जेट एअरवेजनें औरंगाबादकरांस मुंबईचें दुसरें दार उघडून दिलें. तिच्या वैमानिकांनीं २००९ मध्यें आपला संघ स्थापिला. त्यांतील दोघांस नोकरींतून काढण्यांत आलें, तेव्हां सप्टेंबरांत शेंकडों वैमानिक एकाच वेळीं आजारी पडले आणि पांच दिवस कंपनीचें काम खोळंबलें. शेवटीं काढलेल्यांस परत घेतलें गेलें. त्या वेळीं प्रश्न संघ असावा कीं नसावा हा होता. दहा वर्षांनीं प्रश्न कंपनीच असेल कीं नसेल हा झाला. २०१९ च्या आरंभापासून वैमानिकांचे पगार थकले. त्यांच्या संघानें उड्डाणें थांबविण्याची तारीख ठरविली, पुढें ढकलली, पुन्हां ढकलली. शेवटीं बँकेनें पैसा द्यावा म्हणून विनविलें. धन्याविरुद्ध उभा राहिलेला संघ धन्याचें घर वांचावें म्हणून पदर पसरतो, हें दृश्य विलक्षण होतें. १७ एप्रिल २०१९ रोजीं जेटचें शेवटचें विमान उतरलें. औरंगाबादचें जें दार तिनें उघडलें होतें तें त्या संकटांत मिटलें, आणि मराठवाड्याच्या या मुख्य शहरास कांहीं काळ एक-दोन विमानांवर भागवावें लागलें. पुढें २०२० च्या आरंभीं इंडिगो आली. परंतु २०१५ पासून हैदराबादशीं जुनें नातें जोडून देणाऱ्या ट्रूजेटचीं विमानें २०२२ च्या फेब्रुवारींत कायमचीं थांबलीं. २७ एप्रिल २०१७ रोजीं उडान योजनेंतील पहिल्या उड्डाणांपैकीं नांदेड-हैदराबाद हें उड्डाण याच ट्रूजेटनें केलें होतें. योजनेच्या उद्घाटनास जें विमान होतें, त्याच्या वैमानिकाचा पुढें कोणीं शोध घेतला?

ही केवळ आपल्याकडची रड आहे असें मानूं नये. अमेरिकेंत लहान शहरें जोडणाऱ्या कोमएअर या कंपनीच्या वैमानिकांनीं २००१ मध्यें ८९ दिवस संप करून वेतन व विश्रांति यांत सुधारणा मिळविली. परंतु तिची मालक असलेल्या डेल्टा कंपनीनें पुढें तीं कामें इतर स्वस्त कंपन्यांस वाटलीं, आणि २०१२ च्या सप्टेंबरांत कोमएअर बंद केली. सिनसिनाटी शहराजवळ तिचें मोठें ठाणें होतें, तें ओस पडलें. २००९ च्या फेब्रुवारींत कोलगन या दुसऱ्या लहान कंपनीचें विमान बफेलोनजीक कोसळून ५० माणसें मेलीं. तेव्हां चौकशींत निघालें कीं, सहवैमानिक स्त्री आपल्या ठाण्याच्या शहरीं राहत नव्हती. देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून ती कामावर आली होती. तुटपुंज्या वेतनांत ठाण्याच्या शहरीं घर करणें किती कठीण, याची चर्चा त्यावरून देशभर झाली. त्या पन्नास जिवांच्या मोलावर अमेरिकेनें विश्रांतीचे नियम बदलले.

आपल्याकडे हे नियम बदलण्याचें ठरलें तें २०२४ च्या जानेवारींत. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीच्या वेळीं उतरणें सहा वेळांवरून दोन वेळां. आणि रात्र पहांटे पांचऐवजीं सहापर्यंत धरावी. यापूर्वीं २०२३ च्या ऑगस्टांत नागपूरच्या विमानतळावर पुण्यास निघालेला एक वैमानिक विमानांत चढण्यापूर्वींच कोसळून मरण पावला होता. त्यास नियमाप्रमाणें विश्रांति मिळाली होती, असें कंपनीनें सांगितलें. आणि त्याच्या मृत्यूचें कारण थकवाच होतें असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु नियमाप्रमाणें मिळणारी विश्रांति पुरेशी आहे काय, हा प्रश्न त्यानंतर सामान्य प्रवाशांच्याहि तोंडीं आला. कंपन्यांनीं मुदत मागितली, वैमानिकांचे संघ दिल्लीच्या उच्च न्यायालयांत उभे राहिले, आणि शेवटीं हे नियम २०२५ च्या जुलै व नोव्हेंबरांत दोन हप्त्यांनीं लागू झाले. डिसेंबराच्या पहिल्याच आठवड्यांत देशांतील सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं, कारण नव्या नियमांस पुरतील इतके वैमानिक तिनें वेळेवर तयार ठेवले नव्हते. सरकारनें तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या नियमांत सवलत दिली. पावसाळा येणार हें ठाऊक असून ज्यानें छप्पर शाकारलें नाहीं, त्यास पावसानेंच मुदत द्यावी, तसा हा प्रकार झाला.

आतां औरंगाबादेकडे वळूं. वैमानिक कमी पडले म्हणजे कोणतें उड्डाण रद्द करावें, याचा हिशेब कचेरींत बसून केला जातो, व तो हिशेब क्रूर नसला तरी थंड असतो. मुंबई-दिल्ली मार्गावर एक विमान रद्द झालें तर प्रवाशास दोन तासांनीं दुसरें मिळतें. चिकलठाण्याचें रद्द झालें तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी किंवा मोटारीनें पुण्याचा रस्ता धरावा. ज्याची वाट एकच त्याची वाट आधीं तुटते. येथें कोणत्याहि मोठ्या कंपनीनें वैमानिकांचें ठाणें केलेलें नाहीं. म्हणून ठाणें बंद झाल्याचें दुःख या शहरास कधीं झालें नाहीं, आणि ठाणें नसल्याचें दुःख त्यास रोज होतें. विमान रात्रीं येथें मुक्कामास असतें, वैमानिक येथें राहते, तर सकाळचें पहिलें विमान दुसऱ्या गांवाच्या उशिरावर अवलंबून राहिलें नसतें.

शहरांतील उद्योगपति, व्यापारी आणि लोकप्रतिनिधि नवीन विमानांची मागणी वारंवार करतात, व ती योग्यच आहे. वाळूज व शेंद्र्याचे कारखाने आणि अजिंठ्याचे परदेशी पाहुणे यांस विमान हवेंच. परंतु त्या मागणीच्या अर्जांत आणखी एक कलम असावें अशी आमची सूचना आहे: जें विमान द्याल त्याचा वैमानिक विश्रांति घेतलेला, पगार पोंचलेला आणि उद्यां आपली कंपनी राहील कीं नाहीं या विवंचनेंतून मुक्त असा असावा. असें कलम अर्जांत आलें तर तें वैमानिकांच्या संघाची वकिली ठरणार नाहीं. तें या शहराचें स्वतःचें हित ठरेल. जेट व ट्रूजेट या दोन संस्थांच्या अखेरीपासून शिकावयाचें तें हेंच कीं, आधीं कोठें तरी हिशेब चुकला, मग वैमानिकाचा पगार थकला, आणि त्यानंतर वाटेच्या टोकाचीं गांवें गळालीं. वैमानिकाची तक्रार ही या साखळींतील मधली कडी आहे. ती ऐकूं आली तेव्हांच गांवानें सावध व्हावयास हवें होतें.

१९९३ च्या त्या दुपारीं बीडच्या रस्त्यावर विमानाच्या वेळीं उभा राहून हात आडवा करणारा एक मनुष्य असता, तर त्या ५५ जणांपैकीं पुष्कळ जण घरीं पोंचले असते. तो मनुष्य नेमण्याचें काम वैमानिकाचें नव्हतें, प्रवाशांचें नव्हतें, मालमोटार हांकणाऱ्याचेंहि नव्हतें. तें ज्यांचें होतें त्यांस विचारणारें कोणी नव्हतें. व्यवस्थेस असें वेळींच विचारणारीं माणसें या शहरांत आतां तरी असावींत, आणि वैमानिक विचारीत असतील तेव्हां त्यांच्या शेजारीं उभीं राहावींत, एवढेंच आमचें मागणें आहे.